फ्लॅट नव्याने करताना रेडिएटर कुठे बसवायचे, पाइप कुठून न्यायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन आणि आसपास जुना फ्लॅट घेऊन तो नव्याने करायला काढलेल्या मराठी कुटुंबांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेला) आहे, गॅसवरचा कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) आहे आणि गरम पाण्याचे रेडिएटर आहेत असं धरून उत्तरं दिली आहेत. नियमांचा भाग इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये मालकीचे आणि बांधकामाचे कायदे वेगळे आहेत.

आधी किचन आणि फ्लोअरिंग ठरवू, हीटिंगचं नंतर बघू, असं चालेल का?

नाही चालणार. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. बेड, सोफा, कपाटं कुठे येणार याचा कच्चा आराखडा झाला की लगेच रेडिएटरच्या जागा ठरवा आणि मगच फ्लोअरिंगची ऑर्डर द्या.

इथले कारागीर कामाचे दोन टप्पे करतात. 'फर्स्ट फिक्स'मध्ये जमिनीखालून आणि भिंतीतून पाइप, वायरी नेल्या जातात. गिलावा आणि रंग झाला की 'सेकंड फिक्स'मध्ये रेडिएटर टांगले जातात. फर्स्ट फिक्सच्या दिवशी प्लंबरच्या हातात तीन गोष्टी हव्यात: प्रत्येक रेडिएटरची रुंदी, व्हॉल्व्हची बाजू आणि तयार जमिनीची उंची. दोन पाइपांमधलं अंतर कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार थोडं बदलतं. एकदा लाकडी फ्लोअरिंगला भोकं पाडून पाइप वर आले की ते एक सेंटीमीटरही हलत नाहीत. म्हणून रेडिएटर आधी निवडा, जमल्यास आणूनच ठेवा.

काम मे ते ऑगस्टमध्ये काढा. ऑक्टोबरमध्ये पहिली थंडी पडली की चांगला हीटिंग इंजिनिअर मिळणं अवघड होतं.

फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, परवानगी लागते का?

जुना रेडिएटर काढून त्याच जागी नवा लावायचा असेल तर सहसा लागत नाही. पण नवे पाइप टाकायला तुळया कापायच्या असतील, बॉयलरची जागा बदलून बाहेरच्या भिंतीला फ्लूसाठी (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीसाठी) भोक पाडायचं असेल, किंवा कार्पेट काढून लाकडी जमीन करायची असेल, तर लीज बाहेर काढा आणि शब्द न् शब्द वाचा. बाहेरची भिंत आणि जमिनीखालच्या तुळया अनेक लीजमध्ये फ्रीहोल्डरच्या मालकीच्या असतात. अशा वेळी 'लायसन्स टु ऑल्टर', म्हणजे बदलाची लेखी परवानगी, घ्यावं लागतं. त्यासाठी मॅनेजिंग एजंटची (इमारतीचा कारभार बघणाऱ्याची) फी, कधी सर्व्हेअरची फी आणि काही आठवडे ते काही महिने जातात. हा वेळ बिल्डरच्या तारखेआधीच धरून चला. परवानगीशिवाय केलेलं काम फ्लॅट विकताना हमखास वर येतं. खरेदीदाराचा सॉलिसिटर तो कागद मागतोच.

बॉयलर आणि गॅसच्या पाइपांचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसानेच करायचं, हा कायदा आहे. २००९ पासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी हे रजिस्टर आलं. त्याचं ओळखपत्र मागा आणि मागची बाजूही बघा, कारण त्याला कोणकोणती कामं करायची मुभा आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

आमच्या फ्लॅटमध्ये बॉयलरच नाही. इमारतीचं सामाईक हीटिंग आहे. मग?

मग आधी मॅनेजिंग एजंटला गाठा. नव्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटमध्ये एचआययू नावाचं छोटं युनिट असतं, ते इमारतीच्या पाण्याची उष्णता तुमच्या फ्लॅटला देतं. त्याच्या पुढचे पाइप आणि रेडिएटर बहुधा तुमचे, मागचं सगळं इमारतीचं. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या काही इमारतींत इमारतीचं पाणी थेट तुमच्या रेडिएटरमधून फिरतं. तिथे तुम्ही स्वतःच्या मर्जीने रेडिएटर काढला तर वरच्या-खालच्या शेजाऱ्यांचं हीटिंग बिघडू शकतं. अशा ठिकाणी पाणी उतरवण्याची वेळ एजंट ठरवतो, तुम्ही नाही.

रेडिएटर खिडकीखालीच का लावतात? दुसरीकडे लावला तर काय बिघडतं?

खिडकीची काच हा खोलीतला सगळ्यात थंड भाग. तिच्याजवळची हवा गार होऊन खाली उतरते आणि जमिनीवरून पायांकडे सरकते. खिडकीखालचा रेडिएटर वर जाणारी गरम हवा सोडून ती गार हवा वरच्या वर अडवतो. काच एकेरी असेल तर हा फरक लगेच जाणवतो. चांगली दुहेरी काच बसवलेली असेल तर खिडकीखालीच लावण्याचा आग्रह बराच सैल होतो.

तरी मी अजूनही आधी खिडकीखालचीच जागा बघतो, कारण तिथे कोणी कपाट किंवा बेड लावत नाही. आतल्या भिंतीवरचा रेडिएटर कागदावर छान दिसतो. सहा महिन्यांत त्याच्यासमोर सोफा येतो.

खिडकीखाली लावलात तर पडद्यांचा विचार तेव्हाच करा. जमिनीपर्यंत लोळणारे जाड पडदे रात्री ओढले की रेडिएटर पडद्यामागे जातो आणि सगळी ऊब काचेला मिळते. एका ओळखीच्या घरी नेमकं हेच पाहिलं. बे विंडोत सुरेख रेडिएटर, त्यावर बनारसी काठाचे लांब पडदे, आणि पडद्याआड टीआरव्हीचं, म्हणजे हवेच्या तापमानानुसार रेडिएटर आपोआप उघड-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचं, डोकं. पडद्यामागची हवा तापली की तो व्हॉल्व्ह इमानेइतबारे बंद व्हायचा आणि खोलीत सगळे शाली पांघरून बसलेले. पडदे सिलपर्यंत (खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत) आखूड केले आणि प्रश्न मिटला. बॉयलर बदलायचा विचार त्या घरात चालू होता.

खाली जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर आणि वर सिलपर्यंत निदान १० सेंटीमीटर मोकळं ठेवा. वर शोभेची लाकडी पेटी बसवू नका, ती ऊब अडवते.

खोली-खोलीत कुठे लावावा?

बेडरूममध्ये आधी पलंगाची आणि कपाटाची जागा पक्की करा, उरलेल्या भिंतीत सगळ्यात लांब रेडिएटर बसेल अशी जागा शोधा. हॉलमध्ये मुख्य दाराजवळ, पण दार उघडल्यावर त्यावर आपटणार नाही असा. किचनमध्ये भिंतच उरत नाही. तिथे कॅबिनेटच्या पायाशी, प्लिंथमध्ये बसणारा पंख्याचा हीटर चांगला पर्याय आहे. तो त्याच गरम पाण्यावर चालतो, फक्त पंख्याला वीज लागते. त्याला अधूनमधून साफ करायला हात पोहोचेल एवढी सोय ठेवा, कारण फोडणीचा तेलकट थर त्याच्या जाळीवर बसतो.

देवघर कुठे येणार हेही आराखड्यावर दाखवा. लाकडी देव्हारा रेडिएटरच्या वर किंवा अगदी लगत असला की दोन हिवाळ्यांत लाकूड तडकतं, आणि समईच्या ज्योतीला वरची हवा सतत हलवत राहते.

उभे, उंच रेडिएटर अरुंद जागेत कामाला येतात, पण त्यांची बरीचशी ऊब डोक्याच्या वर जाते. दुसरी जागाच नसेल तरच घ्या.

किती मोठा रेडिएटर लागेल? दुकानात खोलीचं माप सांगितलं की ते आकडा देतात.

तो आकडा ढोबळ असतो. बाहेरची भिंत एक आहे की तीन, वर छप्पर आहे की गरम फ्लॅट, हे त्यात नीट येत नाही. फ्लॅटमध्ये तर याने मोठाच फरक पडतो. मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या वर-खाली गरम घरं असतात, वरच्या मजल्यावर तसं नसतं.

एक हिशेब करून दाखवतो. बेडरूम ४ मीटर बाय ३ मीटर, उंची अडीच मीटर, मधला मजला. ४ मीटरची एकच भिंत बाहेरची, जुन्या पद्धतीची नऊ इंची भरीव विटेची, त्यात २ चौरस मीटरची नवी दुहेरी काचेची खिडकी.

भिंत: १० वजा २, म्हणजे ८ चौरस मीटर. अशा भिंतीतून दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला साधारण २ वॅट जातात. झाले १६. खिडकी: २ गुणिले १.४, झाले २.८. हवेची ये-जा: खोली ३० घनमीटर, तासाला एकदा हवा बदलते असं धरलं तर ३० गुणिले ०.३३, झाले ९.९. एकूण २८.७ वॅट दर अंशाला. आत २१ अंश आणि बाहेर उणे २ धरलं तर फरक २३ अंशांचा. २८.७ गुणिले २३, म्हणजे साधारण ६६० वॅट.

बघा, खोली छोटी आहे, पण निम्म्याहून जास्त ऊब त्या एका भिंतीतून जाते. भिंतीला आतून इन्सुलेशन करणार असाल तर ते आधी ठरवा, मग रेडिएटरचा आकार काढा. ते करताना ओल आत अडकणार नाही हे जाणकाराकडून तपासून घ्या.

म्हणजे ६६० वॅटचा रेडिएटर घ्यायचा?

थांबा, इथेच फसगत होते. कॅटलॉगमधला आकडा डेल्टा टी ५० चा असतो. रेडिएटरमधल्या पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त, म्हणजे ७५ अंशांनी आत जाणारं आणि ६५ अंशांनी परत येणारं पाणी, असं धरून तो छापलेला असतो. बॉयलर इतका तापवून चालवायचाच नसतो. कंडेन्सिंग बॉयलरला त्याच्या नावाप्रमाणे काम करायला परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली लागतं. तरच धुरातली वाफ द्रवते आणि तिची उष्णता परत मिळते.

पाणी ५५ अंशांनी पाठवलं आणि ते ४५ ने परत आलं तर तोच रेडिएटर छापील आकड्याच्या साधारण निम्मीच ऊब देतो. म्हणून वरच्या बेडरूमला कॅटलॉगमध्ये १३५० वॅटच्या आसपासचा हवा. टाइप २२, म्हणजे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये दोन नालीदार पडदे असलेला, ६० सेंटीमीटर उंच आणि ८० सेंटीमीटर रुंद रेडिएटर साधारण तेवढा देतो. दुकानात आकडे बीटीयूमध्ये असतील तर १ किलोवॅट म्हणजे ३४१२ बीटीयू.

कायदाही याच बाजूचा आहे. १५ जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर, रेडिएटर आणि पाइप असं सगळंच नवं टाकत असाल तर ते ५५ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला पुरेल असं आखावं लागतं. उद्या गॅस जाऊन हीट पंप आला तरी हे मोठे रेडिएटर उपयोगी पडतील. माझं स्पष्ट मत आहे: नूतनीकरणात एकाच गोष्टीवर जास्तीचे पैसे घालायचे असतील तर ते रेडिएटरच्या आकारावर घाला. रंग पुन्हा लावता येतो. जमीन उघडून पाइप पुन्हा टाकणं नको वाटतं.

हीटिंगचं तापमान कमी केलं तर नळाला गरम पाणी कमी येईल का?

कॉम्बी बॉयलरमध्ये दोन्हीची बटणं वेगळी असतात. हीटिंग कमी केल्याने आंघोळीच्या पाण्याला काही होत नाही. टाकी असलेल्या व्यवस्थेत मात्र लेजिओनेला जिवाणूंमुळे टाकीचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवावं लागतं.

पाइप किती जाडीचे?

तांब्याचा १५ मिलिमीटरचा पाइप, जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक ठेवला तर साधारण ६ किलोवॅट वाहून नेतो, २२ चा १३ च्या आसपास. दोन बेडरूमच्या फ्लॅटला बॉयलरपासून मुख्य ओळ २२ ची आणि प्रत्येक रेडिएटरला १५ चा फाटा हे पुरून उरतं. जुन्या फ्लॅटमध्ये ८ किंवा १० मिलिमीटरचे 'मायक्रोबोर' पाइप सापडतात. त्यांत गाळ लवकर अडकतो आणि कमी तापमानाला ते अपुरे पडतात. जमीन उघडलीच आहे तर बदलून टाका.

जमीन लाकडी आहे. तुळया कापल्या तर चालतं का?

ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापातच. तुळईची खोली २० सेंटीमीटर आणि आधारापासून आधारापर्यंत लांबी ४ मीटर असेल तर वरच्या बाजूला खाच जास्तीत जास्त २५ मिलिमीटर खोल, आणि ती भिंतीपासून २८ सेंटीमीटर ते १ मीटर एवढ्या पट्ट्यातच. भोक पाडायचं असेल तर तुळईच्या बरोबर मध्यावर, जास्तीत जास्त ५० मिलिमीटरचं, भिंतीपासून १ ते १.६ मीटरमध्ये. दोन भोकांमध्ये निदान व्यासाच्या तिप्पट अंतर. तुळई लहान-मोठी असेल तर मापं त्याच प्रमाणात बदलतात.

तांब्याचा सरळ, कडक पाइप दोन तुळयांमधून भोकांत ओवता येत नाही, म्हणून प्लंबर खाच करतात. प्लास्टिकचा पाइप वाकतो, तो भोकातून ओवता येतो आणि फळीपासून दूर राहतो. हा त्याचा मोठा फायदा आहे. व्हिक्टोरियन घराचे फ्लॅट केलेल्या एका इमारतीत फळी उचलली तेव्हा खाचेतला पाइप फळीला जवळजवळ चिकटलेला होता. कार्पेटवाल्याने कडेची खिळ्यांची पट्टी ठोकताना एक खिळा थेट पाइपात गेलेला. खिळ्यानेच भोक बुजवून ठेवलं होतं, तो हळूहळू गंजला, आणि मग खालच्या घराच्या छतावर तपकिरी डाग उमटला. खाचेवर स्टीलची पट्टी ठोकायला दोन मिनिटं लागतात. ती ठोकून घ्याच. खाचेत फेल्टचा तुकडाही घाला. तांब्याचा १० मीटरचा पाइप ६० अंशांनी तापला की साधारण १ सेंटीमीटर लांबतो आणि लाकडावर घासून रात्रभर टिक-टिक करतो.

आणि काँक्रीटची जमीन असेल तर?

स्लॅबला हात लावू नका. वरच्या स्क्रीडच्या, म्हणजे जमीन सपाट करणाऱ्या सिमेंटच्या, थरात पाइप घालता येतात, पण तांबं उघडं सिमेंटमध्ये पुरायचं नाही, त्याला वेष्टण हवं. आत सांधाही नको. परवानगी मिळत नसेल तर पाइप स्कर्टिंगच्या आडून फिरवा. दारांचं काय करायचं एवढाच तिथे प्रश्न असतो. जुन्या टाइल्स किंवा छतावरचं खडबडीत टेक्श्चर खरवडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीच्या कुठल्याही इमारतीत ते असू शकतं.

तांबं की प्लास्टिक?

लपलेल्या भागात प्लास्टिक, दिसणाऱ्या भागात तांबं. प्लास्टिक घेताना 'बॅरिअर' पाइपच घ्या. साध्या प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो आणि रेडिएटर आतून गंजतात. प्रत्येक टोकाला आतली आधारनळी बसली आहे ना, हे स्वतः पाहा. बॉयलरला मात्र प्लास्टिक थेट जोडत नाहीत.

एक रेडिएटर नकोच आहे, काढून टाकू का?

आधी पाइपांची रचना कळू द्या. जुन्या काही फ्लॅटमध्ये एकच पाइप सगळ्या रेडिएटरच्या खालून फिरतो आणि जाणारा-येणारा वेगळा नसतो. तिथे रेडिएटर काढताना ओळ तुटली तर पुढचे सगळे गार पडतात. दोन पाइपांच्या रचनेत काढता येतो, पण उरलेला पाइप फाट्यापर्यंत कापून घ्या. टोपी घालून ठेवलेल्या लांब शेपटीत पाणी साचून राहतं.

थर्मोस्टॅट कुठे आणि टीआरव्ही कशावर?

थर्मोस्टॅट तुम्ही जास्त वेळ बसता त्या खोलीत, उन्हापासून आणि किचनपासून दूर. त्या खोलीच्या रेडिएटरवर टीआरव्ही लावायचा नाही, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध काम करतात. बाकी सगळ्यांवर लावा. एप्रिल २०१८ पासून इंग्लंडमध्ये नवा कॉम्बी बसवताना वेळ आणि तापमानाच्या नियंत्रणासोबत आणखी एक सोय द्यावी लागते. त्यात वेदर कॉम्पेन्सेशन हा एक पर्याय आहे. बाहेरचं तापमान बघून बॉयलर पाणी कमी-जास्त तापवतो. मला तो सगळ्यात आवडतो.

बाथरूमला टॉवेल रेल पुरते का?

बऱ्याचदा नाही. क्रोमची नळी त्याच मापाच्या पांढऱ्या रेलपेक्षा कमी ऊब देते, आणि टॉवेल टाकले की आणखी कमी. बाहेरची भिंत असेल तर पांढरी आणि मोठी घ्या, किंवा छोटा रेडिएटर वेगळा लावा.

कोपऱ्यात काळी बुरशी येते. रेडिएटर वाढवून जाईल का?

थोडी. बुरशी थंड पृष्ठभागावर ओल बसल्याने येते. आपल्या घरात कुकरची वाफ असते, आणि कपडे वाळत घातलेले असतात तेही त्याच रेडिएटरवर. किचनचा पंखा हवा बाहेर टाकणारा हवा, नुसती फिरवणारा नको. खिडकीवरच्या हवेच्या फटी बंद करू नका, आणि बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवू नका. खोली दिवसभर गार ठेवून रात्री एकदम तापवण्यापेक्षा सौम्य ऊब सतत ठेवलेली बरी.

जमीन बंद करण्याआधी काय तपासायचं?

पाइपांत दाब भरून तो काही तास टिकतो का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घेतात. मग प्रत्येक खोलीच्या उघड्या जमिनीचे फोटो काढा, भिंतीपासून टेप ताणून ठेवून. शेल्फ, दाराचा स्टॉपर, फ्लोअरिंगची पट्टी, काहीही ठोकायच्या आधी हे फोटो लागतील. जिथे रेडिएटर टांगायचा तिथे प्लास्टरबोर्डच्या मागे लाकडी आडव्या पट्ट्या बसवून घ्या. पाणी भरलेला मोठा रेडिएटर सहज ४० किलोपर्यंत जातो, नुसता बोर्ड तो पेलणार नाही. त्यामागची भिंत टांगण्याआधी रंगवा.

प्लंबरचं कोटेशन बघताना काय विचारू?

प्रत्येक खोलीचा हीट लॉस काढला का? कोणत्या तापमानाला? जुनं पाणी धुऊन काढणं, इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि चुंबकी फिल्टर किमतीत आहे का? शेवटी बॅलन्सिंग करणार का? शेवटचा प्रश्न टाळला जातो, पण तोच महत्त्वाचा. बॅलन्सिंग केलं नाही तर बॉयलरजवळचे रेडिएटर रटरट तापतात आणि टोकाची बेडरूम गारच राहते. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह जवळच्यांचा जवळजवळ बंद आणि लांबच्यांचा उघडा ठेवत, सगळ्यांना सारखं पाणी पोहोचवायचं असतं. दोन तासांचं काम आहे, त्याचे पैसे द्या.

जुने रेडिएटर ठेवले तर?

आकार ५५ अंशांना पुरत असेल तर खुशाल ठेवा. काढून बाहेर नेऊन होजपाइपने धुवा. काळं पाणी येईल, तो लोखंडाचा गाळ आहे. खालच्या शिवणीपाशी गंजाचे फोड दिसले तर तो मात्र टाकून द्या. व्हॉल्व्ह सगळे नवे घ्या. जुने व्हॉल्व्ह एकदा फिरवले की दांड्यापाशी गळायला लागतात, आणि ते कळतं तेव्हा वर नवी जमीन असते.